डाव्या पायाचं पीस

भाड्याची खोली बघायला मी गेलो होतो, पण बघितलं घरमालकांनी मला. "जरा चाला," म्हणाले. कुठे, म्हणून विचारलं तर अंगणाच्या टोकाच्या लिंबाकडे हात केला. "तितपत्तूर जावा आन् माघारी या." भर उन्हात, हातात ट्रंक घेऊन मी लिंबापर्यंत गेलो आणि आलो. मग पाठमोरं उभं राहायला सांगितलं. तेही राहिलो, कारण रहाटणीत दुसरी खोली नव्हती आणि चिंचवडातली परवडत नव्हती. शेवटी ते घरात तोंड करून ओरडले, "पाय सरळ हायेत. ऱ्हाऊ द्या ह्यांना." आतून बाईमाणसाचा आवाज आला, "अवो, भाडेकरू हाय का कोंबडा?"

पुढे अडीच वर्षं मी त्यांच्याकडे काढली, आणि त्यांच्या लेखी ह्या दोहोंत फारसा फरक नव्हता, असं माझं आजही मत आहे.

गाव त्यांना मालक म्हणे, म्हणून मीही मालकच म्हणत आलो. उंच, काटकुळा माणूस. डोक्याला मुंडासं, अंगात कोपरी, आणि कोपरीच्या खिशात कायम ज्वारीचे दाणे. पवनेच्या काठाला चांगली काळी जमीन होती. ती त्यांचे भाऊ कसायचे, आणि हे कोंबडे सांभाळायचे. तरुणपणी ते खडकीला एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर कामाला होते. साहेबाच्या मडमेला कोंबड्यांचा नाद. ती विलायतेला परत गेली तेव्हा जाताना ह्यांना एक कोंबडा, चार कोंबड्या आणि एक जाडजूड इंग्रजी पुस्तक देऊन गेली. ऱ्होड आयलंड नावाची तांबडी जात. तो कोंबडा मेला, त्या कोंबड्याही मेल्या, पण वंश ह्या गृहस्थाने वीस-बावीस वर्षं राखला. पुस्तक देव्हाऱ्यात, खंडोबाच्या टाकाशेजारी, तांबड्या फडक्यात बांधलेलं. देवाला एखाद्या दिवशी फूल चुकेल, पुस्तकाला उदबत्ती चुकायची नाही.

आता मालकांना मराठी सहीपुरतं येई, मग इंग्रजी कुठलं! मी मॅट्रिक झालेला, पिंपरीच्या नव्या कारखान्यात स्टोअरला कारकून. तेव्हा भाड्याबरोबर अट पडली: रोज दिवेलागणीला पुस्तकाचं एक पान वाचायचं आणि मराठीत सांगायचं. मला वाटलं, असेल चार दिवसांची हौस. कसली हौस! पुस्तक संपलं की पुन्हा पहिलं पान. दिवसभर स्टोअरमध्ये नट-बोल्ट लिहून डोळे शिणलेले, आणि समोर हे मांडी घालून बसलेले. "हं. तुरा." मग मी सांगायचं, की तुरा एकेरी असावा, ताठ असावा, त्याला पाच टोकं असावीत, मधलं टोक उंच, आणि तुरा डोळ्यावर पडता कामा नये. कंटाळून एखादी ओळ गाळली, की डोळे मिटल्या मिटल्या हात वर व्हायचा. "मधी कायतरी ऱ्हायलं, कारकून." मडमेने मोडक्यातोडक्या हिंदुस्तानीत एवढ्या वेळा वाचून दाखवलं होतं, की पुस्तक त्यांना तोंडपाठ होतं. अहो, पाठ आहे तर मला कशाला राबवता? असं एकदा विचारलं. म्हणाले, "पाठ हाय म्हनून देवाची आरती म्हनायची सोडतंय का कुणी?"

माझी खोली म्हणजे एक बोळ होता. ट्रंक ठेवली की वळकटी अर्धीच उलगडायची. तिला लागून दुसरी खोली होती, मोठी, खिडकीची, चुलीला वेगळी जागा असलेली. त्या खोलीत अकरा कोंबडे राहत. एकेकाला वेगळं खुराडं, कारण एकत्र सोडले तर ते एकमेकांचे तुरे फोडून ठेवणार. आणि तुरा फुटला तर मालक जेवत नसत. ही अकरा जनावरं एकदम आरवली असती तर एकदाच जाग आली असती. पण नाही! एक संपला की दुसरा, दुसरा संपतो तोच पहिल्याला आठवण. वर सकाळी मालक मलाच विचारणार, "तिसरा कोण बोलला वो? आवाज जरा बसल्यावानी वाटला."

कोंबड्यांना नावं नव्हती. पायात रंगीत दोरा, तीच ओळख: हिरवा दोरा, काळा दोरा, दुहेरी पिवळा. चुलतभावाच्या पोराचं नाव त्यांना दर वेळी विचारावं लागे. पण हिरव्या दोऱ्याची पणजी कुठल्या अंड्यांवर रवणीला, म्हणजे उबवायला, बसवली होती ते बिनचूक सांगत. घरात कोंबडी शिजत नसे. मी कोकणातला, मासे दुरावलेले, म्हटलं निदान रविवारी... तर म्हणाले, "ज्याचं आईबाप मला ठावं हायेत, त्याला खाऊ कसा?"

दर चार-आठ दिवसांनी कुणीतरी कोंबडा बगलेत मारून दाखवायला यायचं. काळेवाडीहून, वाकडहून. येताना ऐटीत, जाताना तोंड पाडून. एकदा वाकडचा एक बडा शेतकरी दोन्ही हातांत मावेना असा कोंबडा घेऊन आला. गडगंज माणूस, बरोबर चार टाळकी. त्याने कोंबडा मधोमध उभा केला. सगळे वा वा करायला लागले. मालक जमिनीवर चक्क आडवे झाले, गाल मातीला लावला आणि कोंबड्याचे पाय बघितले. उठले, अंग झटकलं. "रस्सा झ्याक व्हईल," म्हणाले. शेतकरी जो गेला तो परत त्या वाटेला आला नाही.

"कोंबडा वरनं बघनारा येडा," हे त्यांचं नेहमीचं. "वरनं समदंच झकास दिसतंय. कोंबडा खालनं बघायचा." काकूंना, म्हणजे मालकांच्या बायकोला, हे वाक्य ऐकलं की चेव यायचा. "मला बघाया आलं तवा बी त्येच. मी मान खाली घालून बसलेली, आन् हे माज्याहून खाली मान घालून. पायाची बोटं मोजत व्हते! आई म्हनली, पोरगं लाजाळू हाय."

दुसरी परीक्षा दाण्याची. खिशातले चार दाणे टाकायचे आणि मागे सरायचं. कोंबड्याने दाणा चोचीत धरून, टुकटुक आवाज करून आधी माद्यांना बोलावलं पाहिजे. ज्याने स्वतःच मटकावला, तो तुऱ्याने कितीही देखणा असो, पैदाशीतून बाद. "आदी सोता खानारा बाप व्हयाच्या लायकीचा न्हाई," हे ते माझ्याकडे बघून म्हणत. मला ते लागायचं. कारण मी बाप झालो होतो आणि माझी मुलगी तीन महिन्यांची होऊन आजोळी होती. तिला मी एकदाच पाहिलं होतं, तेही झोपलेली. बायकोचं रत्नागिरीहून पत्र यायचं, त्यात शेवटची ओळ ठरलेली: खोलीचं काय झालं?

खोलीचं काय होणार! तिथे अकरा कोंबडे होते. मी मालकांना सांगून बघितलं, काकूंकरवी सांगून बघितलं. ते म्हणायचे, "अकरातलं तीन ठिवायचं हायेत. पर कुठलं तीन, त्ये ठरंना. जरा दम धरा." मी आठ महिने दम धरला. त्या काळात त्यांनी अकरांतून एकही कमी केला नाही.

मग चाकणच्या प्रदर्शनाची बातमी आली. बैलबाजाराच्या मैदानावर जनावरांचं आणि कोंबड्यांचं प्रदर्शन भरणार, पुण्याहून साहेब येणार. ज्याचा कोंबडा पहिला येईल त्याच्या मळ्यात सरकारी खर्चाने मोठी शेड बांधून द्यायची, आणि त्याची पैदास आसपासच्या गावांत वाटायची: गावठी कोंबडा द्या आणि सुधारलेला घेऊन जा. मालकांनी आयुष्यभर हेच मागितलं होतं. ते माझ्या बोळात येऊन म्हणाले, "पैला नंबर आला की समदे कोंबडे मळ्यात. खोली तुमची. बोलवा घरच्यांना." मी त्याच दिवशी पत्र टाकलं. खोली मिळतेय, तयारीत राहा, असं ठोकून दिलं. गाढवपणा, दुसरं काय.

न्यायचा ठरला पांढरा दोरा. खरंच राजबिंडा होता हो! मला कोंबड्यांचा तिटकारा आला होता, तरी सांगतो. अंग विटेसारखं चौकोनी, रंग गडद तांबडा, शेपटीला हिरवी झाक, तुऱ्याची पाचही टोकं मोजून घ्यावीत. दाणा टाकला की आधी माद्यांना हाक. प्रदर्शनाला चार दिवस उरले असताना मालकांनी त्याला रिठ्याच्या पाण्याने आंघोळ घातली आणि पाय धरायला मला बसवलं. डावा पाय धुताना मी बोटं फाकवली. बाहेरच्या दोन बोटांच्या बेचक्यात एक पीस होतं. अर्ध्या नखाएवढं, मऊ, जावळासारखं. मी पटकन बोटं मिटली. मालक तुरा पुसत होते.

पुस्तकात ह्यावर एक ओळ होती. तुरा वाकडा असेल तर गुण कमी, रंग फिका असेल तर गुण कमी. पण पायावर किंवा बोटांत पीस दिसलं तर गुण-बिण नाही, कोंबडा सरळ बाहेर. आणि मेल्या नशिबाने त्याच संध्याकाळी तेच पान आलं. मी वाचत गेलो, ती ओळ आली, ती गाळून पुढे गेलो आणि हात वर होण्याची वाट बघत राहिलो. हात वर झाला नाही. डोळे मिटून ते डोलत बसले होते. म्हटलं, म्हातारा थकला. सुटलो!

प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी ते दाढी करायला चिंचवडला गेले. मी त्या खोलीत शिरलो, पांढरा दोरा बगलेत धरला आणि ते पीस चिमटीत धरून उपटलं. कोंबडा एकदाच ओरडला. मी हात धुतले आणि बोळात येऊन बसलो. मनाशी म्हणत होतो, एवढंसं तर पीस! ह्यासाठी माझ्या पोरीने आजोळीच वाढायचं की काय?

उजाडता उजाडता बैलगाडी जोडली. भोसरी, मोशी, इंद्रायणी ओलांडून चाकण. कोंबडा डालग्यात, डालगं माझ्या मांडीवर. मैदानावर ही गर्दी! कोंबड्यांच्या रांगेत वाकडचा तो रश्शाचा शेतकरीही दुसरा कोंबडा घेऊन उभा. पुण्याचे साहेब आले. तरुण होते, बोलायला गोड, हातात कागद. एकेका पिंजऱ्यापुढे थांबत आमच्यापाशी आले आणि थबकले. मागून पुढून बघितलं. तुरा मोजला, पंख पसरून बघितला. "हा कुणाचा? अहो, पुण्यात नाही असा पक्षी!" कागदावर काहीतरी लिहिलं, बरोबरच्या शिपायाकडून पहिल्या नंबरची निळी फीत घेतली. माझ्या डोळ्यांपुढे खिडकीची खोली आली, चूल आली.

"सायेब," मालक म्हणाले, "पाय बघितलं न्हाईत."

साहेब हसले. "पाय छान आहेत की. पिवळेधमक."

"वरनं न्हवं. उचला त्याला. डाव्या पायाची बोटं फाकवा. बाहेरच्या बेचक्यात पीस हाय."

म्हणजे ह्यांना ठाऊक होतं? साहेबांनी कोंबडा उचलला, बोटं फाकवली. पीस नव्हतं. "न्हाई कसं?" म्हणत मालक पुढे झाले, चष्मा लावला, वाकले. बराच वेळ वाकून होते. मग साहेबही वाकले, आणि त्यांचा चेहरा बदलला. "इथं लाल टिपका आहे. पीस होतं, ते ताजं उपटलंय." ते सरळ उभे राहिले. "कुणी उपटलं?"

मालकांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. एकदाच. बोलायला हवं होतं मी, आजही वाटतं, तिथल्या तिथे बोलायला हवं होतं. पण कारखाना, नोकरी, माणसं... मी डालग्याची दोरी आवळायला लागलो.

"मी," मालक म्हणाले.

साहेबांनी कागद खाली केला. "मग तुम्हीच सांगताय का?" त्यांनी विचारलं.

"ऱ्हावलं न्हाई," मालक म्हणाले.

वाकडचा शेतकरी मोठ्यांदा हसला. "दुसऱ्याच्या कोंबड्याचं पाय बघत व्हता न्हवं? आता सोताचं बघा!" सगळं मैदान हसलं. साहेबांनी फीत शिपायाला परत दिली आणि कागदावर एक रेघ मारली. पुढे शेड वाकडला गेली.

परतताना मोशी आली, तरी मालक फक्त बैलांशीच बोलत होते. मला ते असह्य झालं. चूक माझी, पण चिडलो मी! म्हटलं, "मालक, पीस तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं?"

"पिल्लू व्हतं तवापासनं."

"आणि मी ती ओळ गाळली, तेव्हा?"

"तवा कळालं की तुमाला बी दिसलंय."

"अहो, मग असला कोंबडा प्रदर्शनाला नेलाच कशाला!"

"कोंबडा दावायला न्हवता न्हेला," ते बैलांकडे बघत म्हणाले. "सायेब बघायला न्हेला व्हता. ज्याला पायातलं पीस दिसत न्हाई, त्याच्या हातात बावीस वर्साचं बीज कसं देऊ? गावोगाव पिसांच्या पायाचं कोंबडं करून ठिवंल त्यो. त्यानं पाय उचलला असता, तर दुसऱ्या दिवशी अकराच्या अकरा त्याच्या दारात नेऊन दिलं असतं."

मी कपाळावर हात मारला. सांगा, अशा माणसाला काय म्हणावं! सरकार शेड बांधून द्यायला उभं आहे, आणि हे सरकारचीच परीक्षा घेताहेत. आणि त्यात माझी खोली गेली.

"तुमी उपटलं नसतं," ते पुढे म्हणाले, आवाज चढवला नाही, "तर आज सायबाची चूक ठरली असती. उपटलं म्हनून माजी चोरी ठरली."

"मग माझं नाव का नाही घेतलंत?"

"कोंबडं माजं," ते म्हणाले. "त्याचं उनं बी माजं." आणि बैलांना उगाचच हाकारलं.

त्यानंतर दिवेलागणीला पुस्तक निघालं नाही. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. ज्या वाचनाने मला जीव नकोसा झाला होता, ते बंद झाल्यावर बोळात बसवेना. मी चिंचवडात खोली शोधायला लागलो. बायकोला लिहिलं, की आणखी थोडं थांब. पाचव्या दिवशी कारखान्यातून आलो तर अंगणात डालगी मांडलेली, आणि मालक कोंबड्यांना दाणे टाकत, गाल मातीला लावून आडवे. आठ महिने ठरत नव्हतं ते त्यांनी एका दुपारी ठरवलं. हिरवा, काळा आणि दुहेरी पिवळा ठेवला. पांढरा दोरा पैदाशीतून बाद, पण तो मरेपर्यंत परड्यात एकटा फिरायचा. बाकीचे सात वाटून टाकायचे, फुकट. "सरकार न्हाई तर न्हाई," म्हणाले. "सायकल हाय न्हवं तुमची?"

होती, काय करता! पुढचे चार रविवार मी सायकलच्या कॅरिअरला डालगं बांधून गावं पालथी घातली. पिंपळे, थेरगाव, पार आळंदीच्या अलीकडच्या वस्त्यांपर्यंत. कुणाला कोंबडा द्यायचा, कुणाला नाही, तेही ह्यांनीच आधी जाऊन ठरवलेलं; आणि दिल्यावर घरधन्याला पाय कसे बघायचे ते मीच शिकवायचं. दोन घरी कोंबड्याने चोच मारून माझं रक्त काढलं. एका घरी कुत्रं मागे लागलं. मी शिव्या देत गेलो आणि शिव्या देत आलो, पण एकाही रविवारी नाही म्हणालो नाही.

खोली काकूंनी शेणाने तीन वेळा सारवली, चुन्याने रंगवली, तरी वास गेला नाही. त्या वासासकट ती मला मिळाली. उरलेली तीन खुराडी मालकांनी स्वतःच्या माजघरात नेली आणि स्वतः ओट्यावर झोपायला लागले. मी म्हटलं, "मालक, बोळात राहू द्या की ती." तर म्हणाले, "बोळात लेकराचा पाळना टांगा."

बायको आली तेव्हा मुलगी वर्षाची झाली होती. बैलगाडीतून उतरते न उतरते तोच मालक पुढे झाले आणि त्यांनी पोरगी हातात घेतली. मला वाटलं, तोंड बघतील, नाव विचारतील. छे! तिला आडवी धरली, पायांवर आलेलं झबलं वर सारलं, आणि चष्मा लावून एकेक बोट फाकवून बघायला लागले. आधी उजव्या पायाची, मग डाव्या पायाची. पोरगी खिदळत होती. काकूंनी पदर तोंडाला लावला. बायको माझ्याकडे बघत होती, की हे काय चाललंय?

त्यांनी पोरीचा पाय सोडला, चष्मा काढला आणि चाकणनंतर पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं.

"साफ हाय," म्हणाले. "तुमी काय उपटलं न्हाई ना?"

आणि हसले. मला हसू आलं, आणि डोळ्यांतही पाणी आलं. मी ट्रंक उचलायच्या निमित्ताने वाकलो. संध्याकाळी फडकं सोडून पुस्तक समोर आलं, आणि मी पिसाची ती ओळ दोनदा वाचली.

आत चूल पेटवताना बायकोने विचारलं, "मघाशी काय म्हणाले हो ते?"

"काही नाही," मी म्हटलं. "कोंबड्यांचं आहे काहीतरी."